ऋतूंची चित्रं असलेलं मोठ्यांसाठीचं कलरिंग बुक : ठेवावं की परत करावं?

टेकडीवरची

नमस्कार मंडळी. सासूबाईंसाठी मागवलेल्या एका कलरिंग बुकबद्दल जाणकारांचं मत हवं आहे. परत करायची मुदत रविवारी संपते, म्हणून आजच सविस्तर लिहिते.

सासूबाई बहात्तर वर्षांच्या. सगळी नोकरी बँकेत झाली. चित्रकलेशी संबंध रांगोळीपुरता, पण रांगोळी मात्र कायम ठिपक्यांची आणि अगदी रेखीव. दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आणि तेव्हापासून त्यांना रंगांचं फार अप्रूप वाटायला लागलंय. गॅलरीतल्या गोकर्णाच्या वेलापाशी उभं राहून विचारतात, "हा आधीपासून इतका निळा होता का गं?" रविवारच्या पुरवणीत एखादं रेखाचित्र आलं की माझ्या मुलीच्या रंगीत पेन्सिली घेऊन ते भरत बसतात. वर्तमानपत्राचा कागद तो, टोक लागलं की फाटतो. म्हणून म्हटलं, नीट पुस्तकच आणून देऊ.

पुस्तक साडेआठ बाय अकरा इंचाचं आहे. चाळीस चित्रं, पानाच्या एकाच बाजूला छपाई, मागची बाजू कोरी. चार ऋतू आणि प्रत्येकाची दहा चित्रं. नाव मुद्दामच देत नाही, कारण मला या एकाच पुस्तकाबद्दल विचारायचं नाहीये, अशी पुस्तकं पारखायची कशी ते समजून घ्यायचंय. दुकानात हातात घेऊन बघता आलं असतं तर अर्धे प्रश्न तिथेच मिटले असते, पण सध्या मला अप्पा बळवंत चौकात जाऊन तासभर घालवणं जमणारं नाही.

वसंताच्या भागात ट्यूलिप, पक्ष्यांची घरटी, सायकलच्या टोपलीत फुलं. उन्हाळ्यात दीपगृह, समुद्र, झाडाखालचा झोपाळा. पानगळीत भोपळे, मेपलची पानं, गमबूट, सफरचंदांच्या पेट्या. हिवाळ्यात बर्फात बुडालेली लाकडी घरं, शेकोटी, विणलेले मोजे. काढलंय सुरेख. झोपाळ्याचं चित्र तर मलाच रंगवावंसं वाटलं, झोपाळ्याच्या दोराचा पीळसुद्धा दिसतो आणि तरी सगळीकडे मोकळी जागा आहे.

आता शंका. परत करायचं झालं तर पानावर खूण नको म्हणून मी अजून पेन्सिल लावलेली नाही. त्यामुळे कागद कसा आहे ते कळत नाही, आणि पुस्तकावर कुठे जीएसएमही (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जाडीचा अंदाज) छापलेलं नाही. काही चित्रांत रेघा केसासारख्या बारीक आहेत. गोधडीचं एक चित्र आहे, त्यात प्रत्येक तुकड्यावर पुन्हा वेगळी नक्षी. शिलाई अशी आहे की पुस्तक टेबलावर सपाट राहत नाही, सोडलं की मिटतं. बर्फाच्या पानांवर रंगवायचं काय, हेही मला सुचेना. सगळं पांढरंच ना!

सासूबाईंनी सगळं पुस्तक शांतपणे उलटून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "यात पाऊस कुठाय?"

मी परत चाळलं. खरंच नाही. एका चित्रात छत्री आहे, तीही मिटलेली.

या प्रश्नावर माझं घोडं अडलंय. ज्या बाईने आयुष्यभर पावसाळ्याच्या हिशेबाने उन्हाळी कामं उरकली, तिला पावसाशिवायचं वर्ष रंगवायला द्यायचं का? ज्यांनी अशी पुस्तकं वापरली आहेत त्यांनी कृपया सांगा.

ड्रॉइंगमास्तर

ताई, प्रश्न चांगला मांडलात. मी शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांना मुलं बसवली. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांबरोबर आठवड्यातून एकदा रंगवायला बसतो, त्यामुळे असली पुस्तकं बरीच हाताखालून गेली आहेत.

आधी कागद. खूण न करताही पुष्कळ कळतं. एक पान खिडकीपाशी तिरपं धरा. त्यावर चकाकी दिसली तर कागद लेप दिलेला आहे, पेन्सिलीचा रंग त्यावर बसणार नाही, घसरेल. मग बोटाचं टोक हलकेच फिरवा. किंचित खरखर लागली पाहिजे. त्या खरखरीतच रंग अडकतो. आम्ही त्याला कागदाचे दात म्हणतो. तिसरी गोष्ट, घरातला झेरॉक्सचा कागद शेजारी घ्या. तो साधारण 70 ते 80 जीएसएमचा असतो. पुस्तकाचं पान त्याच्याएवढंच लवत असेल तर तीन-चार थर चढवल्यावर ते पोचे धरेल. रंगीत पेन्सिलीसाठी 120 च्या वर असावं, 150 मिळालं तर उत्तम. जलरंगाचा विचार असेल तर ही पुस्तकं बाजूला ठेवा, त्याला 300 चा जाड कागद लागतो. स्केचपेन लावलीत तर बहुतेक कागदांतून ती मागे उमटतेच. तुमच्या पुस्तकात मागची बाजू कोरी आहे ही जमेची बाजू, तरी खाली एक जाड पुठ्ठा सरकवायचा.

आता रेघ. बारीक रेघ दिसायला नाजूक आणि देखणी, पण ती तरुण डोळ्यांसाठी. शिवाय भरायचा आकार मसुरीच्या दाण्याहून लहान असेल तर पेन्सिलीचं टोक आत फिरत नाही, नुसतं टेकतं. टेकवून रंग लावण्यात काही मजा नाही, दोन छटा एकमेकींत मिसळता येत नाहीत. गोधडीचं चित्र त्यातलं वाटतंय. अशी चित्रं चाळिसात किती आहेत ते मोजा. पाव भागापेक्षा जास्त असतील तर ते पुस्तक सासूबाईंसाठी नाही.

बर्फाच्या पानांनी तुम्ही गडबडून जाऊ नका. माझ्या मते तीच पानं सगळ्यात शिकवणारी. बर्फ पांढरा फक्त तिथेच, जिथे थेट ऊन पडतं. सावलीत तो निळा असतो, संध्याकाळी जांभळट होतो, पेटलेल्या खिडकीखाली पिवळसर. मोने या फ्रेंच चित्रकाराने 1890-91 मध्ये गव्हाच्या पेंढ्यांच्या गंजींची चित्रं केली. गंजी त्याच, ऋतू आणि प्रहर वेगळे. त्यातल्या बर्फाच्या चित्रांत सावल्या सरळ निळ्या आहेत. त्याच मोनेला पुढे मोतीबिंदू झाला. त्या काळातली त्याची चित्रं लालसर-तपकिरी होत गेली, आणि 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर निळा रंग त्याला परत मिळाला. डोळ्यातलं पिकलेलं भिंग निळा प्रकाश अडवतं, ते काढलं की तो आत येतो. तुमच्या सासूबाई गोकर्णापाशी जे विचारतात ते अगदी बरोबर आहे. त्यांना निळ्याच्या चार छटा द्या आणि बर्फाचं पान पुढ्यात ठेवा. त्यांचे डोळे सध्या निळ्याच्या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा ताजे आहेत.

आणि पाऊस. ताई, या पुस्तकात पाऊस छापलेला नाही हे मला बरं वाटलं. कलरिंग बुकात पाऊस असतो तो बहुतेकदा काळ्या तिरक्या रेघांचा. पाऊस काळा नसतो. तो मागचं सगळं पुसट करतो, आणि छापलेली काळी रेघ तुम्हाला काही केल्या पुसट करता येत नाही. त्यापेक्षा पाऊस आपण रंगाने आणायचा. रस्ता किंवा फाटक असलेलं एखादं वसंतातलं चित्र घ्या. लांबची झाडं एकाच फिकट करड्या-निळ्या थरात उरकून टाका, तपशील रंगवू नका. जवळचं झाडाचं खोड जवळजवळ काळं करा, कारण ओलं खोड कोरड्याहून कितीतरी गडद दिसतं. रस्त्यावर जे उभं आहे त्याचाच रंग खाली उलटा, हलक्या हाताने ओढा. लाल दार असेल तर दारासमोरची फरशीसुद्धा थोडी लाल. आकाशाला निळा अजिबात नको. झालं, आषाढ आला.

हिरव्याचंही तसंच. पुस्तकातल्या गवताला कुठला ऋतू ते तुम्ही ठरवणार. पहिल्या पावसानंतर वेताळ टेकडीवर जे उगवतं ते पोपटी, त्यात पिवळा जास्त. श्रावणात गडद. भाद्रपद सरता सरता गवताचे शेंडे तांबूस व्हायला लागतात, दिवाळीत सगळं सोनेरी. वैशाखात हिरवं उरतं ते धूळ बसलेलं. त्यासाठी हिरव्यावरून तांबड्या-तपकिरी पेन्सिलीचा एक पातळ थर फिरवायचा, हिरव्याचा तोरा लगेच उतरतो.

मेपलच्या पानांसाठी परदेशी फोटो शोधायची गरज नाही. आपल्या बदामाच्या झाडाखालची पानं उचला. थंडीत ती पडायच्या आधी लाल होतात. एकाच पानावर पिवळा, केशरी, शेंदरी आणि मधल्या शिरेपाशी उरलेला हिरवा, सगळं सापडतं. ते पान पुस्तकाशेजारी ठेवून रंगवा.

शेवटची एक खूण. ज्याने पुस्तक काढलंय त्याने ऋतू पाहिला आहे की नुसत्या वस्तू गोळा केल्या आहेत, हे ओळखायचं असेल तर बघा, एकच जागा दोन-तीन ऋतूंत पुन्हा काढली आहे का. तसं एक जरी ठिकाण सापडलं तरी मी ते पुस्तक ठेवून घेईन.

नीलमोहर

सरांच्या कागदाबद्दलच्या आणि रेघेबद्दलच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. पावसाबद्दल मात्र मला वेगळं म्हणायचंय.

ऋतू नुसता रंगात नसतो, वस्तूंमध्येही असतो. माझ्या आईला मी असंच एक परदेशी पुस्तक दिलं होतं. ती छान रंगवायची, पण रंगवताना गप्प असायची. मग माझ्या भावाने तिला एका जाड कागदावर चैत्रगौरीची आरास काढून दिली. पितळी पाळणा, कलिंगडाची फुलं कापलेली, आंब्याची डाळ, पन्ह्याचे पेले. ते रंगवताना आई बोलायला लागली. कोणाकडे कशी आरास असायची, हळदीकुंकवाला कोण यायचं, भिजवलेले हरभरे ओटीत कसे घालायचे. हे भोपळ्याच्या चित्राने होणार नाही, कितीही सुंदर छटा दिल्या तरी.

मला खरोखर वाटतं की आपल्या सहा ऋतूंचं, पुण्याचं म्हणावं असं पुस्तक कोणीतरी काढावं. दिवेघाटातून चढणारी माउलींची पालखी, हिरव्या डोंगरावर पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका. नदीला पाणी सोडल्यावर बुडालेला भिडे पूल आणि काठावर बघायला जमलेली माणसं. कोजागरीची गच्ची. दिवाळीतला अंगणातला मातीचा किल्ला, त्यावर उगवलेले अळीव. हुरड्याची आगटी. फेब्रुवारीत पान नसलेल्या काटेसावरीवर बसलेल्या साळुंक्या. मार्च-एप्रिलमधले नीलमोहर, खाली जांभळा सडा. यातलं कुठलंही चित्र सासूबाईंसमोर ठेवलं तर "पाऊस कुठाय" हा प्रश्न उरणार नाही.

तुमच्या पुस्तकाचं म्हणाल तर ठेवा, पण जोडीला घरात कोणाकडून तरी दोन-चार पानं काढून घ्या.

टेकडीवरची

सर, नीलमोहर, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाई झोपल्यावर पुस्तक घेऊन बसले.

कागद तिरपा धरून पाहिला, चकाकी नाही. बोटाला हलकी खरखर लागते. झेरॉक्सच्या कागदापेक्षा नक्की जाड आहे, पण ग्रीटिंग कार्डाएवढा नाही. दिव्यासमोर धरलं तर मागच्या पानावरचं चित्र पुसट दिसतं, टेबलावर ठेवल्यावर दिसत नाही. बारीक नक्षीची चित्रं सात निघाली, त्यातली चार हिवाळ्यात, सगळं विणकाम आणि गोधड्या.

आणि सर, तुम्ही म्हणालात तशी जागा सापडली! एक लाकडी फाटक आहे. आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण चारही चित्रं एकमेकांपासून लांब आहेत आणि दर वेळी फाटक वेगळ्या बाजूने काढलंय. फाटकाच्या उजव्या खांबावरचा खिळा निघालेला आहे आणि तिथली फळी तिरकी लोंबते. वसंतात त्या फळीवर वेल चढलाय, उन्हाळ्यात तिथे टोपी अडकवलीय, पानगळीत फळीच्या फटीत पानं साठलीत, हिवाळ्यात तिच्यावर बर्फाचा जाड थर आणि फळी आणखी खाली वाकलेली. चारही ऋतूंत ती कोणी दुरुस्त केलेली नाही. हे पाहून मला त्या चित्रकाराबद्दल एकदम आपलेपणा वाटला. त्याने ती फळी खरंच कुठेतरी पाहिली असणार.

सकाळी सासूबाईंना ती चारही पानं दाखवली. फाटकासमोर पायवाट आहे आणि मागे झाडं, म्हणजे सरांचा पाऊस तिथे आणता येईल. त्या म्हणाल्या, "मग हे वसंताचं मी ज्येष्ठातलं करते, वळवाचं. ऊन आणि पाऊस दोन्ही." म्हणजे पुस्तक ठेवायचं हे जवळजवळ ठरलंच.

नीलमोहर, तुमचं म्हणणं मला पटलं आणि सासूबाईंनाही वाचून दाखवलं. अळीव उगवलेल्या किल्ल्याचं चित्र माझी मुलगी काढणार आहे, तिला किल्ल्यातलं सगळं कळतं.

आता दोन गोष्टी उरल्या. पुस्तक सपाट राहत नाही, आणि सहा चित्रं अशी आहेत की त्यांची डावी कड शिलाईत शिरते. तिथे रंगवणार कसं? दुसरं, सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, थोडा वेळ पेन्सिल धरली की हात झटकतात. त्यावर काही उपाय?

मशीनप्रूफ

छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून शिलाईचं सांगतो. तुम्ही ज्याला शिलाई म्हणता ती बहुधा शिलाई नसावी. सुट्या पानांच्या कडेला गरम गोंद लावून कव्हर चिकटवलेलं असतं, त्याला आमच्याकडे परफेक्ट बाइंडिंग म्हणतात. पुस्तकाच्या पाठीवर वरून डोकावून बघा. पानांच्या घड्या गोल दिसल्या तर दोऱ्याची शिलाई, आणि सगळी पानं सरळ कापून गोंदात बसवल्यासारखी दिसली तर गोंद. गोंदाचं पुस्तक जोर लावून उघडत राहिलात तर मधूनच पानं सुटतात.

उपाय सोपा आहे. कुठल्याही बाइंडरकडे न्या, तो कटिंग मशीनवर पाठ कापून स्पायरल किंवा वायरो (दुहेरी तारेची बांधणी) करून देईल. पाठ कापताना साधारण तीन-चार मिलिमीटर जातात, आणि भोकांसाठी आत आणखी सातेक मिलिमीटर धरा. म्हणजे ती सहा चित्रं कडेला भोकांनी खराब होणार. त्यासाठी आधी सांगा, "ही सहा पानं सुटी ठेवा, भोकं पाडू नका." ती सुटी पानं क्लिपबोर्डवर लावून रंगवायला उलट जास्त सोयीची. मला विचाराल तर सगळंच पुस्तक सुटं करा आणि एका फोल्डरात ठेवा. वयस्कर माणसाला पान फिरवून फिरवून रंगवता येतं, मनगट वळवावं लागत नाही. मागचं-पुढचं कव्हर मात्र फेकू नका, एक पान घसरू नये म्हणून खाली ठेवायला तोच पुठ्ठा कामी येतो.

आणखी एक तपासणी. छापलेल्या रेघेवर ओलं बोट कोपऱ्यात हलकेच फिरवा. काळं बोटाला लागलं किंवा रेघ फुटली तर पाण्याचं काहीही त्या पुस्तकावर वापरायचं नाही. ऑफसेट किंवा टोनरची छपाई असेल तर काही होत नाही. पण हे पुस्तक ठेवायचं पक्कं झाल्यावरच करा.

ज्या चित्रावर दोन वेगळे प्रयोग करायचे आहेत, म्हणजे तुमचं ते फाटक, त्याची जाड कागदावर एक प्रत काढून घ्या. झेरॉक्सवाल्याला बायपास ट्रेमधून जाड कागद घालायला सांगा, नेहमीच्या ट्रेमधून तो अडकतो. आपल्या घरच्या वापरापुरतं ठीक. भिशीत सगळ्यांना प्रती वाटणं मात्र टाळा, त्या चित्रकाराचं पोट त्यावर आहे.

हातमोकळा

मी हातांच्या व्यायामाचं आणि पुनर्वसनाचं काम करते, म्हणून फक्त अंगठ्याबद्दल. अंगठ्याच्या मुळाशी दुखणं या वयात बऱ्याच बायकांना असतं, तो सांधा झिजतो. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. तोवर पेन्सिल जाड करा. बारीक पेन्सिल जितकी घट्ट धरावी लागते तितका त्या सांध्यावर भार जास्त. पेन्सिलीवर चढवायचे मऊ ग्रिप स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, किंवा फोमची नळी कापून चढवा. जाड तिकोनी पेन्सिलीही चांगल्या.

पेन्सिल मऊ असेल तर दाबावं कमी लागतं. शाळेच्या साध्या पेन्सिली बऱ्यापैकी कडक असतात, रंग गडद यावा म्हणून माणूस जोर लावतो आणि अंगठा दुखतो. चित्रकारांसाठीच्या पेन्सिलींमध्ये काही मेणाच्या असतात, काही तेलाच्या. मेणाच्या मऊ, रंग पटकन सोडतात, पण टोक लवकर झिजतं आणि जाड थरावर कालांतराने पांढुरकी साय येते. ती मऊ कपड्याने हलकेच पुसली की जाते. तेलाच्या थोड्या कडक, टोक टिकतं. सासूबाईंसाठी मी मेणाच्या घेईन, आणि बारा रंगांचीच चांगल्या प्रतीची पेटी घेईन, अठ्ठेचाळीस रंगांची हलक्या प्रतीची नको. सुट्या पेन्सिली मिळत असतील तर निळे चार वेगळे घ्या, सर म्हणतात तसे.

पान सपाट टेबलावर न ठेवता तिरप्या फळीवर ठेवा, मान वाकत नाही. हात आखडायच्या आधीच थांबायचं. चित्र पूर्ण करायच्या नादात तासभर बसू देऊ नका.

मन शांत होण्याबद्दलही कोणीतरी विचारेलच. 2005 मध्ये करी आणि कॅसर या अमेरिकन संशोधकांचा एक लहानसा अभ्यास आला होता. त्यात कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा मंडल (गोलाकार नक्षी) किंवा चौकटींची ठरीव आकृती भरणाऱ्यांची अस्वस्थता जास्त कमी झाली. म्हणजे आखून दिलेल्या आकारांचा उपयोग होतो असं दिसतं. पण तो विद्यार्थ्यांवरचा अभ्यास, आणि हा काही उपचार नव्हे. सासूबाईंना आवडतंय, एवढं कारण पुरेसं आहे.

टेकडीवरची

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मला फार बरं वाटलं. पुस्तक ठेवलं. शुक्रवारी बाइंडरकडे देऊन सगळी पानं सुटी करून घेणार आहे. बारीक नक्षीची ती सात पानं वेगळी काढली, ती माझी मुलगी रंगवेल, तिला बारीकच आवडतं. मेणाच्या बारा पेन्सिली आणि सुटे चार निळे मागवलेत.

सर, एकच विचारायचं राहिलं. सासूबाई रांगोळीच्या सवयीने रंग एकदम गच्च भरतात, एका झटक्यात. पावसाचं फाटक रंगवताना पातळ थर द्यायला त्यांना कसं सांगू? आणि चुकून गडद झालं तर खोडता येतं का?

ड्रॉइंगमास्तर

ताई, सांगू नका, पेन्सिल मागून धरायला लावा. टोकाजवळ धरली की जोर येतो, मागच्या टोकाकडे धरली की हात आपोआप हलका पडतो. अंगठ्यालाही ते बरं. पहिला थर एका दिशेने, दुसरा त्याला आडवा. टोक फार तासू नका, पावसाच्या मागच्या झाडांना बोथट टोकच हवं.

खोडायचं झालं तर साधा खोडरबर घासू नका, कागदाचे दात मोडतात आणि रंग पसरतो. मळून मऊ होतो तो पुट्टी रबर घ्या. तो दाबून उचलायचा, घासायचा नाही. वरचा रंग निघतो, खालचा पुसट राहतो. पावसात तसं पुसटच हवं असतं, तेव्हा वळवाच्या चित्रात त्या रबराने मुद्दामच दोन-तीन ठिकाणी रंग उचलून ऊन आणता येईल. आकाश रंगवायच्या आधी फाटकाची तिरकी फळी पूर्ण करून घ्या म्हणावं. ओल्या लाकडाचा रंग एकदा ठरला की बाकीचं सगळं त्याच्या मानाने किती फिकट ठेवायचं ते कळत जातं.